घटनेचा वाद मुलांच्या तोंडी येऊ द्या

(छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक व पालक यांच्या सभेत एका खेड्यातील शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आम्ही कोणी विद्वान नव्हे की वकील नव्हे. ट्रेनिंग कॉलेजात मराठीतून शिकून निघालेले, खेड्यात चौथीपर्यंतची पोरे सांभाळणारे मास्तर आहो. तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलांस राज्यघटना कशी शिकवावी हे सांगण्याचा यांस अधिकार काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच होईल. आमचा अधिकार एवढाच की, आमच्या हाताखाली बाराखडी गिरविलेली पोरे आज तालुक्याच्या कॉलेजात जातात आणि दर रविवारी शाळेच्या ओसरीवर आमच्यापाशी येऊन बसतात. तेथे जे घडले ते तुमच्यापुढे ठेवितो.

मुलास विचारा, मूलभूत हक्क किती? तो चटकन सहा म्हणून सांगेल. पण सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली नसती तर तुझ्या गावच्या पाणवठ्यावर काय चालले असते, असे विचारा. तोंडाला कुलूप लागेल! गाईडातून कलमे पाठ झाली, पण त्या कलमांसाठी कोण कोणाशी भांडला, कोणी काय गमावले आणि काय मिळविले, हे पोरास ठाऊक नाही. शेतकऱ्याच्या पोरास आपण नुसते कणीस दाखविले. नांगरट, पेरणी, खुरपणी दाखविलीच नाही.

घटनासमिती ९ डिसेंबर १९४६ रोजी बसली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने घटना स्वीकारली. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ही सारी भाषणे बारा खंडांत छापलेली आहेत. त्यांतील एकेक दिवसाचा वाद आम्ही साध्या मराठीत उतरवितो, मुलांचे दोन पक्ष करितो आणि बोलू देतो.

पहिल्याच रविवारी एका पोराने आम्हास अडविले. म्हणाला, "गुरुजी, त्या सभेत आपल्या मराठवाड्याचा कोण होता?" बंधूंनो, खरे उत्तर असे की, कोणीही नव्हता. वऱ्हाडचे पंजाबराव देशमुख तेथे होते, पुण्याचे केशवराव जेधे होते; पण आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानाच्या वाट्याच्या १६ जागा रिकाम्याच राहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, पुढे नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून घटना मान्य केली. आमच्या आजा-पणजास कोणी विचारले नाही.

"मग ही घटना आपली कशी?" असे तो पोर म्हणाला. दुसरा कोणी मास्तर रागे भरला असता. आम्ही म्हणालो, बाबा, प्रश्न चांगला आहे. पण हेही पाहा की, त्याच घटनेने १९५१-५२ च्या निवडणुकीत तुझ्या पणजोबाच्या आणि पणजीच्या हाती मत दिले. शिकलेला की अडाणी, जमीनदार की सालगडी, असे विचारले नाही. आणि दुरुस्तीची वाटही ३६८ व्या कलमात ठेविली. तेव्हा जागा रिकामी होती म्हणून आपले बोलणे संपले असे नव्हे. ते तेथून सुरू झाले. मात्र बोलावयाचे तर बोलणे शिकावे लागेल.

आता एका वादाची हकीकत सांगतो, कारण ती तुमच्या घरची आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते. घटनेच्या मसुद्यात असे वाक्य होते की, प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याची खटपट सरकारने करावी. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी लक्ष्मीकांत मैत्र यांनी दुरुस्ती आणिली की, हा भाग मार्गदर्शक तत्त्वांचा, येथे हक्काची भाषा शोभत नाही, सबब ते शब्द गाळावे. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली. पण नझिरुद्दीन अहमद यांनी हे शिक्षण फक्त प्राथमिक ठेवा असे म्हणताच ते बाबासाहेबांनी मानले नाही. चौदा वर्षांच्या आतील मुलास कारखान्यात राबवावयाचे नाही, तर मग ते मूल त्या वयापर्यंत शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता.

आमच्या ओसरीवर हा वाद रंगला. एक मुलगा मैत्रांच्या बाजूने उठला. म्हणाला, मार्गदर्शक तत्त्वे कोर्टातून बजावून घेता येत नाहीत, मग हक्क हा शब्द ठेवून काय उपयोग? तो पोकळच राहिला असता. तेव्हा एक मुलगी उभी राहिली. तिचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती आजीपाशी राहून शिकते. ती म्हणाली, "शब्द पोकळ होता तर खोडण्याची घाई कशाला केली? तो राहिला असता तर माझी आई तिसरीतून उठली असती का?" सारी ओसरी गप्प झाली. आम्हासही उत्तर सुचले नाही.

मग आम्ही पुढचे सांगितले. तो हक्क २००२ साली ८६ व्या दुरुस्तीने परत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा तो मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. दहा वर्षांची मुदत कोठे आणि चोपन्न वर्षे कोठे! एक शब्द गळाला तर किती पिढ्या कोयत्यामागे जातात, हे त्या दिवशी पोरांस कळले. कायदा झाला तरी हंगामात आमच्या हजेरीपटावरची नावे आजही गळतात, हेही त्यांनी पाहिले आहे.

आता आमची एक चूक कबूल करतो. आरक्षणाचा वाद घेतला, तेव्हा ज्याने त्याने आपल्या मनाची बाजू घ्यावी असे आम्ही म्हणालो. ओसरीवर मराठ्यांची पोरे आहेत, माळी-वंजाऱ्यांची आहेत, बौद्धांची आहेत. २०२३ पासून या प्रश्नाने आमची गावे ढवळून निघाली. घटकाभरात वाद राहिला बाजूस आणि जातीस जात भिडली. एकत्र डबा खाणारी पोरे दोन रविवार एकमेकांशी बोलली नाहीत. दोष पोरांचा नव्हे, आमचा. तेव्हापासून नियम केला: ज्याला जी बाजू पटत नाही, तीच त्याने मांडावयाची, आणि बोलण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल असे सांगून दाखवावयाचे. मराठ्याच्या पोराने ओबीसीची बाजू मांडली, माळ्याच्या पोरीने मराठ्याच्या कोरडवाहू शेताचे दुःख सांगितले. मते बदलली असे आम्ही म्हणत नाही. पण डबा पुन्हा एकत्र उघडला.

काही पालक विचारतात, "मास्तर, पोरांना राजकारण शिकविता काय?" होय, शिकवितो, पण झेंड्याचे नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजाविले की, सनदशीर मार्ग खुला असता दुसरे मार्ग धरू नका, आणि राजकारणात कोणाची भक्ती करू नका. ज्या शहरात त्यांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले, त्या शहरात हे पुन्हा सांगावे लागावे काय? जो पोर वाद करण्यास शिकत नाही, तो उद्या कोणाच्या तरी जीपमध्ये बसून नुसता ओरडण्यास शिकतो.

शेवटी मागणे थोडके आहे. कॉलेजातील गुरुजनांनी महिन्यातून एक तास तरी गाईड मिटून घटनासमितीचा एक वाद मराठीत वाचून घ्यावा. मायबापांनी पोरीस "तू गप्प बैस" म्हणणे सोडावे. आणि तिसरे असे की, वर्षातून निदान चार ग्रामसभा भरविणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या गणपूर्तीला शंभर मतदार किंवा शेकडा पंधरा, यांपैकी जे कमी असतील तेवढे पुरतात. तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होतात. तेथे एकदा आपल्या लेकरास सोबत घेऊन जा. अठरा वर्षे झाली की ते मत देईलच. त्याआधी त्याने आपल्या आईला हात वर करून प्रश्न विचारताना पाहिले पाहिजे.

त्या १६ जागा एकदा रिकाम्या राहिल्या, तो आपला दोष नव्हता. ग्रामसभेतील आपली जागा रिकामी राहिली तर तो दोष आपलाच.