माडावरची पांढरी माशी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



मी बँकेतला माणूस. जन्मभर पानं उलटली ती लेजरची. तरी निवृत्तीनंतर बागेचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगून टाकतो.

चार वर्षांपूर्वी बी विंगसमोरच्या माडांखाली उभ्या गाड्या चिकट व्हायला लागल्या. खालचं जास्वंदीचं कुंपण तर काजळी फासल्यासारखं काळं. ‘माड तोडा’ असा ठरावच जनरल बॉडीत आला. पहिल्या वर्षी आपण सगळ्यांनी मिळून लावलेले माड! आता आपल्याकडे झाड तोडायला 1975 च्या कायद्याने परवानगी लागते, ती गोष्ट वेगळी. पण मी घाबरलो आणि एका माणसाकडून जालीम औषध मारून घेतलं. पंधरा दिवस बरं वाटलं. महिन्याभरात माशी दुप्पट!

मग पान उलटं करून बघितलं. खाली कापसासारखी पांढरी वेटोळी. ही चक्राकार पांढरी माशी, मूळची मध्य अमेरिकेची. भारतात 2016 साली तामिळनाडूत पोल्लाचीजवळ दिसली. पानातला रस शोषते, गोड चिकटा खाली टाकते, त्यावर काळी बुरशी धरते. तिच्या पिल्लांत अंडी घालून त्यांना संपवणारी ‘एन्कार्सिया’ नावाची गांधीलमाशी असते, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. माझ्या औषधाने आधी तीच मेली असणार. म्हणजे चोर सोडून वॉचमनलाच मारलं की हो!

तेव्हापासून विष बंद. जास्वंदीवर पाइपने पानांच्या खालून जोरात पाणी मारतो. जास्त दिसली तर संध्याकाळी लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून. काळ्या बुरशीवर लिटरला 10 ग्रॅम स्टार्चची पातळ खळ. वाळली की पापुद्र्यासकट बुरशी सुटते. आमच्या सौ.चं म्हणणं, साड्यांना खळ घालायचा कंटाळा, झाडांना मात्र हौसेने! आणि हो, छाटलेल्या पानांवर काळे पडलेले कोष दिसले तर जाळू नका, त्यांतूनच एन्कार्सिया बाहेर पडते.

माशी पूर्ण गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? पावसात कमी होते, दिवाळीनंतर पुन्हा डोकं काढते. पण माड उभे आहेत आणि त्यांच्याखालचं पार्किंग आपण हलवलंय. माझे गुडघे आता साथ देत नाहीत. रविवारी सकाळी आठ वाजता पाइप धरायला दोघं तरुण हवेत. नावं वॉचमनकडे द्या.