हातचा येईपर्यंत



फळ्यावर एक संख्या लिहिली आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. मोठ्यानं वाचायची तर ‘लीलावती’तली नावं काढावी लागतील. एक, दश, शत करत गेलं की डावीकडचा शेवटचा एक ‘मध्य’च्या घरात येतो, परार्ध फक्त एक घर पुढे. पाठ करायला मात्र काही कष्ट नाहीत. चढायचं आणि उतरायचं.

हा जिना आला कुठून? नऊ एक शेजारी शेजारी मांडा आणि त्या संख्येला तिनंच गुणा. पाटीवर करायचो तसा गुणाकार : ओळी नऊ, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या उभ्या रांगेत एकच एक, पुढच्या रांगेत दोन, मग तीन. मधोमध नऊ, की पुन्हा उतार. उत्तरातले अंक म्हणजे त्या रांगांची उंची, दुसरं काही नाही.

देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं. नाव रेल्वे स्थानकाचं! जी. आय. पी. रेल्वेवरचं डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. (आज तिथे सकाळच्या गाडीत चढताना कुणाला गणित सुचेल, असं मला वाटत नाही.) कापरेकर जिन्यावर भाळून थांबले नाहीत. मधला नऊ बोटानं झाका. डावीकडे उरले १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज? ९९९९९९९९. झाकलेला अंकच आठ वेळा हजर! १२३२१ घ्या : १२ आणि २१ मिळून ३३, मधला अंक ३.

आता नऊऐवजी दहा एक घेऊ. मधली रांग दहाची झाली आणि दहा काही एका घरात मावत नाहीत. शून्य, हातचा एक. तो शेजारच्या नऊला मिळाला. तिथेही शून्य, हातचा एक. तो आठाला मिळाला, आठाचे नऊ झाले. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतानाची आठवी पायरीच गायब! एकाला ८१ नं भागा; ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… इथलाही आठ हातच्यानंच गिळला.

इंग्लंडचे गणितज्ञ हार्डी यांना अंकांच्या असल्या गमतींचं कौतुक नव्हतं. १९४० च्या पुस्तकात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ या संख्यांमधली अशीच एक गंमत बाजूला सारली. त्यांचं म्हणणं निम्मं मला पटतं. आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून हा जिना नऊवर वळतो. बाराच्या पटीत लिहीत असतो, तर अकरापर्यंत चढला असता. पण हाच जिना पाहता पाहता माणूस त्याच्याखाली काय आहे ते विचारू लागतो. खाली आहेत ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. हे अवयव कुठल्याही लिपीत, कुठल्याही पटीत बदलत नाहीत.

३३३६६७ मूळ संख्या आहे, यावर माझ्या शब्दाखातर विश्वास ठेवू नका. ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहा. पाटी मात्र मोठी घ्या.