संगणकाच्या दारांतील आगंतुक

सकाळीं संगणकाची कळ दाबावी, आणि काम सुरू होण्यापूर्वींच पडद्यावर दोन-तीन खिडक्या आपण होऊन उघडाव्यात. एकीनें संभाषणास बोलवावें, दुसरीनें नवी आवृत्ति घेण्याचा आग्रह धरावा, आणि या गर्दींत यंत्र घुटमळत राहावें, हा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. मग वडील मंडळी यंत्र जुनें झालें म्हणून नव्याचा विचार करूं लागतात, तर तरुण मंडळी दिसेल तें पुसून टाकावयास निघतात. पहिला उपाय खर्चाचा, दुसरा धोक्याचा; आणि बहुधा दोन्हींची गरज नसते.

संगणक सुरू होतांच कोणते प्रोग्रॅम चालवावयाचे, याची नोंद यंत्रांतच असते. विंडोज प्रणालींत ती एका स्वतंत्र फोल्डरांत व रजिस्ट्री नामक नोंदवहींत ठेवलेली असते. नवीन प्रोग्रॅम बसवितांना पुढें येणाऱ्या प्रश्नांना न वाचतां होकार दिला म्हणजे पुष्कळदां तो आपलें नांव या यादींत घालून घेतो. आगंतुक वाटणारा हा पाहुणा असा यजमानाच्या संमतीनेंच आलेला असतो!

विंडोज १० व ११ मध्यें ही यादी पाहाणें सोपें आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत स्टार्टअप या नांवाचें पान असतें. प्रत्येक प्रोग्रॅमपुढें त्याचा कर्ता, तो चालू कीं बंद, आणि आरंभीं त्याचा भार किती, हें लिहिलेलें असतें. जो प्रोग्रॅम आरंभीं प्रोसेसरचा १ सेकंदाहून अधिक वेळ घेतो, अथवा डिस्कशीं ३ मेगाबाइटांहून अधिक देवघेव करतो, त्यास ‘हाय’ हा शेरा मिळतो. प्रथम लक्ष द्यावें तें अशांकडे.

नको असलेल्या नांवावर माऊसची उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ निवडलें कीं तो पुढें या यादीमुळें सुरू होत नाहीं. मात्र डिसेबल करणें म्हणजे काढून टाकणें नव्हे, हें पक्कें ध्यानांत धरावें. प्रोग्रॅम यंत्रांत राहातो, हवा तेव्हां हातानें उघडतां येतो, आणि चूक झालीच तर ‘एनेबल’ निवडून सर्व पूर्ववत् करतां येतें. म्हणून पुसण्यापूर्वीं थांबवावें, आणि तेंहि एका वेळीं एकालाच. यंत्र पुन्हां सुरू करून दोन दिवस वापरावें. कांहीं अडलें नाहीं तर पुढचा घ्यावा. एकदम दहा बंद करणारास पुढें एखादें काम अडलें तर तें कोणामुळें, हें कळत नाहीं. व्हायरसपासून रक्षण करणाऱ्या प्रोग्रॅमास तर हातच लावूं नये.

कधीं कर्त्याचें नांव कोरें असलेली नोंद दिसते. रकान्यांच्या मथळ्यावर उजवी कळ दाबून ‘कमांड लाइन’ हा रकाना उघडला कीं तिची फाईल कोठें आहे तें समजतें. कित्येकदां प्रोग्रॅम केव्हांच गेलेला असतो, नोंद तेवढी मागें उरते. परंतु फाईल जागेवर असून ती कोणी आणली हें घरांत कोणासच ठाऊक नसेल, किंवा बंद केलेली नोंद पुनःपुनः चालू होत असेल, तर व्हायरसची पूर्ण तपासणी करावी, व ती होईपर्यंत त्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करूं नयेत.

यादींत नांव नसतांहि एखादा प्रोग्रॅम उघडतो, त्याचीं कारणें दुसरीं. टास्क शेड्युलरमध्यें त्याची वेळ नेमलेली असते. किंवा यंत्र बंद करतांना उघडे असलेले प्रोग्रॅम पुन्हां उघडण्याची सोय सेटिंग्जमधील साइन-इनच्या पानावर चालू असते. तीहि तेथेंच बंद करतां येते.

इतकें करूनहि यंत्र मंदच राहिलें, तर डिस्क व मेमरी तपासून घ्यावी. नव्या यंत्राची किंमत विचारावयाची ती त्यानंतर.