देणे आणि देणगी



गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने निघाले, की शहर मागे पडते न पडते तोच द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. १९९९ साली स्थापन झालेली सुला ही वाइनची कंपनी याच बाजूची. मळेवाल्या कंपन्यांनी गावासाठी काय करावे, हा प्रश्न म्हणूनच आपल्या अगदी दारचा आहे. कोणा एका कंपनीचा निवाडा करण्यास मात्र आम्ही येथे उभे नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याने एक दंडक घातला. वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी रुपयांवर गेला, की मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च करावयाचे. त्यातून शाळेला खोली मिळते, गावाला पाण्याची टाकी मिळते. हे चांगलेच आहे. परंतु केवळ आपल्याच नोकरांसाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. कायद्याचा हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो. मजुराला द्यावयाचे ते देणे. गावाला द्यावयाची ती देणगी. देणे फेडल्यावाचून देणगीला शोभा नाही.

आता पेठ-सुरगाण्याहून छाटणीला उतरणाऱ्या टोळीकडे पाहा. ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग विरळणी, एप्रिलात खरड छाटणी. टोळी मुकादमाची, म्हणून ती कंपनीच्या हजेरीपटावर नाही. आणि परगावची, म्हणून गावाच्या हिशेबातही नाही. मांडवाखाली निजलेले तिचे मूल मग कोणाचे? १९५१ साली चहा, कॉफी, रबर आणि सिंकोना यांच्या मळ्यांसाठी कायदा झाला; घर, पाणी, औषधोपचार यांचा भार मळेवाल्यांवर पडला. त्या यादीत द्राक्षाचे नाव नव्हते.

आणि कंपन्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. नाशकातील बहुतेक द्राक्ष शेतकऱ्यांच्याच बागांत पिकते. दोन टक्क्यांचा कायदा त्यांना लागत नाही. या सभेतही बागाईतदार बसले आहेत. १९१४ साली याच जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला, तो कोणत्या कायद्याने? कुणब्यांची मुले शिकावीत, ही तळमळ त्यामागे होती.

तेव्हा येत्या छाटणीला प्रत्येकाने इतकेच करावे. टोळीला निवारा, शुद्ध पाणी आणि स्वच्छतागृह द्यावे. आणि तिची मुले जवळच्या शाळेत बसली की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. एवढे झाले, म्हणजे देणगीचे फलक खुशाल लावावेत.