बाबांचं फावडं आणि कीथलीचं इंजिन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली, तर एआयवर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर हल्ली रिक्षावालेदादाही बोलतात, आणि बऱ्याचदा माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मला वाफेच्या इंजिनावर बोलू द्या. पलीकडे जरा शांतता पसरली. मग म्हणाले, "बरं, पण जेवणाच्या आधी संपव." तेवढं नक्की करते.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, माझे बाबा रेल्वेत होते, भुसावळला. मी पाचवीत जाईपर्यंत आम्ही तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्येच राहायचो. मग जळगावला आलो आणि बाबा अपडाऊन करू लागले. ते खलाशी म्हणून लागले, पुढे फायरमन झाले. वाफेची इंजिनं गेली तेव्हा नवं प्रशिक्षण घेऊन इलेक्ट्रिक इंजिनावर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. क्वार्टरमधली माझी सगळ्यात जुनी आठवण कॉलबॉयची आहे. रात्री दोन-अडीचला तो दार वाजवायचा, बाबा त्याच्या वहीत सही करायचे, आई स्टोव्ह पेटवून डबा करायची. बाबांच्या उजव्या हातावर भाजल्याचा लांब डाग आहे. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. या दोन्हींबद्दल त्यांनी आम्हाला कधी काही सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आजोळी धुळ्याला जायचो. चाळीसगावला गाडी बदलायची आणि धुळ्याची पॅसेंजर धरायची. ती लाइन 1900 सालची आहे. बाबा खिडकीबाहेर बघत असायचे आणि मध्येच आईला म्हणायचे, "इथे चढ आहे." आम्हाला चढ दिसायचा नाही. ज्याने फावड्याने तो चढ चढवला आहे त्यालाच तो दिसतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तर गोष्ट अशी की 2015 साली कंपनीने मला दोन वर्षांसाठी इंग्लंडला, लीड्सला पाठवलं. आपल्या देशातलं प्रसिद्ध 'फेअरी क्वीन' हे इंजिन 1855 साली याच लीड्समध्ये तयार झालं आणि 1997 पासून ते पुन्हा पर्यटकांची गाडी ओढू लागलं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. शनिवार-रविवारी करायला काही नसायचं. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, जवळच कीथलीला एक जुनी रेल्वे आहे, ती स्वयंसेवक चालवतात, येतेस का?

ही रेल्वे कीथलीपासून ऑक्सनहोपपर्यंत जाते. अंतर जेमतेम 8 किलोमीटर, स्टेशनं सहा. वाटेत हावर्थ लागतं, ते ब्रॉन्टे भगिनींचं गाव. तोट्यात चालते म्हणून सरकारी रेल्वेने 1962 पर्यंत ही लाइन बंद करून टाकली. त्याच वर्षी गावकऱ्यांनी आणि रेल्वेवेड्यांनी मिळून एक संस्था काढली, आणि सहा वर्षं खपून 29 जून 1968 रोजी गाडी पुन्हा सुरू केली. आता ही तारीख लक्षात ठेवा. ब्रिटिश रेल्वेने आपली नेहमीची वाफेची इंजिनं बंद केली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. म्हणजे एकीकडे सगळ्या देशातल्या इंजिनांची आग विझत होती, आणि त्याच्या सहा आठवडे आधी या लोकांनी आपली आग पेटवून ठेवली होती. त्यामुळे इंजिन चालवणारी, बॉयलर दुरुस्त करणारी माणसं त्यांना शोधत फिरावी लागली नाहीत. ती आजूबाजूलाच होती. त्यांनी नवशिक्यांना शिकवलं, त्या नवशिक्यांनी पुढच्यांना. मी गेले तेव्हा ही साखळी जवळजवळ पन्नास वर्षं चालू होती.

मला वाटलं होतं, इंजिनीअरिंगची पदवी आहे, पहिल्या दिवशी काहीतरी तांत्रिक काम देतील. हातात चिंध्या आणि तेलाचा डबा दिला. तिथे सुरुवात क्लीनरपासून होते. आधी इंजिन पुसायचं. पुसता पुसता कुठला नट सैल आहे, कुठे गळतंय, कुठे चीर गेली आहे, हे दिसायला लागतं. पुढे परीक्षा देत देत फायरमन आणि मग ड्रायव्हर. त्यात कित्येक वर्षं जातात. माझ्या चमूत एक निवृत्त पोस्टमन होते, एक दंतवैद्य बाई होत्या, बारावीतला एक मुलगा होता. कोणालाही एक पैसा मिळत नव्हता. दोन वर्षांत मी क्लीनरच्या पुढे गेले नाही. इंजिन मी एक फूटही चालवलेलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर मेळाव्यानंतर भलतीच कीर्ती पसरेल.

पण इंजिन पेटवायला मात्र शिकले. गाडी सकाळी दहाला असेल तर पेटवणारा पहाटेच, कधी कधी आदल्या दिवशीच येतो. बॉयलर एकदम तापवला तर लोखंड कुठे जास्त फुगतं, कुठे कमी, आणि जोड गळू लागतात. म्हणून घाई चालत नाही. पहिल्यांदा काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघायची. आगपेटीचं छत कायम पाण्याखाली राहिलं पाहिजे. ते उघडं पडलं तर तापून मऊ होतं आणि वर वाफेचा प्रचंड दाब असतो. म्हणून त्या छतात शिशाचा प्लग बसवलेला असतो. पाणी फार खाली गेलं तर शिसं वितळतं, वाफ आत घुसते आणि धोक्याची सूचना मिळते. मग जुनी राख काढायची, जाळीवर कोळसा पसरायचा, वर लाकूड आणि तेलात भिजवलेल्या चिंध्या टाकायच्या आणि पेटवायचं.

जानेवारीतल्या एका पहाटे मी हे सगळं केलं आणि आगीचा नि धुराड्याचा व्हिडिओ काढून बाबांना पाठवला. कौतुक होईल अशी अपेक्षा होती. संध्याकाळी त्यांचा फोन आला. पहिलं वाक्य होतं, "दाराजवळ ढीग करेल शे, पुढे आग पातळ शे." आणि मग, "आग नको देखू, धूर देख."

पुढच्या शनिवारी आमचे पोस्टमन शिक्षक मला तेच म्हणाले. फावडं दारापाशीच रिकामं होतंय, कोपऱ्यांपर्यंत पोचव. थोडा थोडा कोळसा टाक, पण सारखा टाक. आणि आगीकडे टक लावून बसू नकोस, धुराड्याकडे बघ. काळा दाट धूर म्हणजे कोळसा जास्त, हवा कमी. अगदीच धूर नाही म्हणजे आग पातळ झाली. हलका करडा धूर असला की समजावं, जमलं. भुसावळचा एक माणूस आणि यॉर्कशायरचा एक माणूस, एकमेकांची भाषा न जाणणारे, मला एकाच आठवड्यात एकच वाक्य सांगत होते.

त्या फोनवर बाबांनी विचारलं, "पैसे किती देतात?"

मी म्हटलं, "काही नाही."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हाले पगार देत व्हतात, तरी वाटे, यातून कधी सुटू."

मित्रमैत्रिणींनो, या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडे सावलीतही पंचेचाळीस अंश असतात, तेव्हा उघड्या आगपेटीसमोर उभं राहून राखेने भरलेला आपला कोळसा टाकत राहणं, आणि थंडीत, शनिवारी, हौस म्हणून टाकणं, ही दोन वेगवेगळी कामं आहेत. मी ज्याला छंद म्हणत होते त्याचा डाग त्यांच्या हातावर होता. मी एवढंच म्हटलं, "बाबा, मला तुमचं काम कळावं म्हणून मी जाते." हे पूर्ण खरं नव्हतं, पण म्हटल्यानंतर खरं झालं.

त्यानंतर दर रविवारी फोन. ते विचारायचे, तिथला कोळसा कसा आहे, त्याचे खडक बनून जाळीला चिकटतात का, पाणी जड आहे का, बॉयलर धुतात किती दिवसांनी. मी ते प्रश्न शेडमध्ये नेऊन विचारायची आणि उत्तरं घरी आणायची. पोस्टमन आजोबांनी एकदा बाबांना प्रश्न पाठवला: इतक्या राखेच्या कोळशावर तुम्ही वाफ टिकवत कशी होता? बाबा चाळीस मिनिटं बोलले. माझ्या लग्नातही ते इतके बोलले नव्हते.

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काही भाग असे असतात की ते चालतात, पण का चालतात हे कोणालाच माहीत नसतं. लिहिणारा निवृत्त झालेला असतो. कागदपत्रं असतात, पण खरी गोम त्याच्या डोक्यात असते. मग त्या भागाला हात लावायला सगळे घाबरतात. इंजिनाचंही तसंच आहे. नकाशे मिळतात, नियमांची पुस्तकं मिळतात. "धूर बघ" हे वाचताही येतं. पण नेमका कसा धूर, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडूनच शिकावं लागतं.

आपल्याकडे वाफेची इंजिनं अजिबात नाहीत असं नाही. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये ती चालत्या स्थितीत आहेत, दार्जिलिंगला आणि निलगिरीत धावतात. पण ती रेल्वेचे कर्मचारी चालवतात, कीथलीसारखे गावातले लोक नाहीत. बाकी ठिकाणी इंजिन रंगवून चौथऱ्यावर उभं करतात आणि आपण त्यासमोर फोटो काढतो. माथेरानच्या गाडीसाठी आणलेल्या चार इंजिनांपैकी एक, 740 क्रमांकाचं, इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवाल्या स्वयंसेवकांनी जपलं. मला त्याचा राग नाही आला. जरा लाज वाटली, एवढंच.

आणि आता आपल्या दारातली गोष्ट. पाचोरा-जामनेर गाडी, आपली पीजे. शेंदुर्णी, पहूरच्या कित्येक पिढ्या तिने शाळा-कॉलेजला नेल्या. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा निघालीच नाही. आता तिथे मोठी लाइन व्हायची आहे. ती व्हायलाच हवी. लोकांना जलद गाडी हवी असते, आठवणी नंतर. मी इथे पीजे वाचवा म्हणायला आलेले नाही, आणि उद्या जळगावात कीथली उभारू असंही म्हणत नाही. बॉयलर, तपासण्या, विमा, पैसा, हे सगळं मला माहीत आहे.

माझं मागणं लहान आहे. आपल्या देशात मोठ्या लाइनवरचं वाफेचं युग संपलं ते 1995 मध्ये, म्हणजे आपण दहावीत होतो तेव्हा. कीथलीच्या लोकांना जी माणसं आजूबाजूला मिळाली, ती आपल्याकडे अजून थोडीफार आहेत. बाबांच्या जुन्या डायरीत शेडमधल्या चौदा सोबत्यांचे नंबर आहेत. मागच्या दिवाळीत त्यांनी सगळ्यांना फोन लावले. पाच जणांनी उचलले.

मी बाबांचं बोलणं रेकॉर्ड करायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत सात तास झालं. त्यात इंजिन आहे, तसाच हाताचा डागही आहे. तो कसा पडला हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं. मला हवी आहेत ती तुमच्यातली माणसं. भुसावळ, चाळीसगाव, धुळे, अमळनेर, पाचोरा इथे ज्यांच्या घरात किंवा गल्लीत जुने फायरमन, ड्रायव्हर, फिटर, पॉइंट्समन असतील त्यांनी मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ बसावं. गोड आठवणीच सांगा असा आग्रह धरू नये. ज्यांची अहिराणी आणि तावडी माझ्यापेक्षा चांगली आहे त्यांनी ते उतरवून द्यावं. आणि आपल्या भौतिकशास्त्राच्या सरांना विनंती, प्रश्न कोणते विचारायचे ते तुम्ही ठरवून द्या. आम्हाला तुम्ही वाफ शिकवली ती फळ्यावर, आता ती शिट्टीसकट ऐकू या. हे सगळं जतन करण्याचं तांत्रिक काम माझ्याकडे. तेवढं मला येतं.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. माणसाचं नाव, गाव आणि तुमचा फोन नंबर, इतकंच लिहा. पहिल्या पानावर बाबांनी स्वतः पाच नावं लिहिली आहेत. ते तिकडे मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांच्याशी बोलायचं असेल तर उजव्या बाजूने बोला.

जेवण तयार आहे असं दिसतंय.