बापाची मर्जी आणि लेकीचा वाटा
(वर्धा जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

गेल्या पावसाळ्यात हिंगणघाट तालुक्यातून एक बाई माझ्याकडे आली. वय पन्नाशीचं. आई आधीच गेलेली, आता वडीलही वारले होते. तेरवीचे पाहुणे उठायच्या आत भावाने एक कागद काढला. वडिलांचं मृत्युपत्र. आठ एकर शेत आणि राहतं घर, सगळं भावाच्या नावे. दोन्ही बहिणींबद्दल एकच ओळ : मुलींची लग्ने करून दिली, सबब त्यांचा हक्क राहिला नाही. वडिलांना शेवटची दोन वर्षं धड दिसत नव्हतं. त्यांचं औषधपाणी हिनेच केलेलं. पण ती मला पहिल्यांदा काय म्हणाली? "ताई, भावाले कोर्टात ओढलं तं माहं माहेर तुटन न."

तिला मी आधी शेताबद्दल विचारलं. शेत वडिलांनी स्वतः कमावलेलं की आजोबा-पणजोबांपासून आलेलं? जुने सातबारे आणि फेरफार काढले. शेत पणजोबांपासूनचं निघालं. इथेच सगळा फरक पडतो.

स्वकष्टाची मिळकत बाप मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. लेकीवर अन्याय झाला, एवढ्यावरून मृत्युपत्र रद्द होत नाही. हे कडू आहे, पण मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र लेक जन्मानेच वाटेकरी आहे. महाराष्ट्राने हा कायदा १९९४ साली केला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ साली बाप हयात असण्याचीही गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

आता या बाईचा हिशेब करा. बाप, भाऊ, दोन बहिणी : चार वाटे, प्रत्येकी दोन एकर. बाप मृत्युपत्राने स्वतःचे दोनच एकर देऊ शकतो. म्हणजे ते मृत्युपत्र खरं धरलं तरी भावाला चार एकर आणि बहिणींना दोन-दोन एकर. जे बापाचं नव्हतंच, ते बाप देणार कसं?

मृत्युपत्र खरं आहे का, हेही विचारता येतं. त्यावर दोन साक्षीदार लागतात. करणारा शुद्धीवर होता का? त्याला मजकूर समजला होता का? ज्याला सगळं मिळालं त्यानेच धावपळ करून ते लिहून घेतलं का? अशा शंका असतील तर त्या दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगितलंय.

मुस्लिम भगिनींचा कायदा वेगळा आहे. तिथे मृत्युपत्राने सर्वसाधारणपणे एक तृतीयांशच देता येतं, आणि सुन्नी कायद्यात एका वारसाला द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते.

तलाठ्याची नोटीस आली तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदत गेली तरी हातपाय गाळू नका. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं.

आता माझं सांगते. एम.एस.डब्ल्यू. झालेली मी, सत्ताविसाव्या वर्षी हक्कसोडपत्रावर सही करून बसले. कुणी धाक दाखवला नव्हता. काका एवढंच म्हणाले, "शिकलेली पोरगी आहे, समजदार आहे." त्या 'समजदार' शब्दाने माझा वाटा गेला.

आपल्या वर्ध्यात जमनालाल बजाजांची गोष्ट सांगतात. आजोबा बच्छराजांशी खटका उडाला, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या मुलाने संपत्तीवरचा हक्क सोडल्याचं लिहून देऊन घर सोडलं. आजोबांनी समजूत घालून त्याला परत आणलं. पोराच्या त्यागाने घर हललं. आपण रोज सह्या करतो, आपली समजूत घालायला कोण येतं? आपल्या त्यागाला तर त्याग म्हणतसुद्धा नाहीत, रीत म्हणतात.

त्या बाईने हरकत घेतली, मग वाटणीचा दावा लावला. निकाल यायचा आहे. या दिवाळीत भाऊ न्यायला आला नाही. ती रडली, पण दावा मागे घेतला नाही. मला म्हणाली, "दोन एकर मागतल्यानं जे माहेर तुटते, ते होतं तरी किती माहं?"

मैत्रिणींनो, घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. माहेरचा सातबारा काढून वाचा. आणि तुमच्या घरी मृत्युपत्र लिहायची वेळ येईल, तेव्हा लेकीचं नाव त्यात आहे का, ते आधी पाहा.