रुई राहू द्या!

कंपाऊंडजवळची रुई किडली आहे, काढून टाका, अशी सूचना आली आहे. शनिवारी आपण मारुतीला वाहतो तीच ही रुई. तिच्यावरच्या पट्टेरी अळ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या आहेत. त्या रुईच्याच कुळातली पानं खातात, आपल्या गुलाब-तुळशीकडे फिरकत नाहीत. चिकातलं विष त्या अंगात साठवतात, म्हणून पक्षी सहसा त्यांना टाळतात. आपल्या फवारणीपुढे मात्र त्यांचा इलाज नाही. काही दिवस पानं कुरतडलेली दिसतील, मग नवी फुटतील. चीक डोळ्यांत जाऊ नये, मुलांनी हात धुवावेत, एवढी काळजी आपण घेऊ. फुलपाखरं आवडत असतील, तर आधी अळीला जेवू घालू या.